गाणं भरत का नव्हतं : एका पातळ मिक्सचा प्रकरण अभ्यास

एका संगीतकाराने स्वतःच रेकॉर्ड आणि मिक्स केलेलं गाणं माझ्याकडे आलं. सोबतची तक्रार एका ओळीची होती : "सगळं स्वच्छ ऐकू येतंय, पण गाणं भरत नाही." तक्रार नेमकी होती. शब्द कळत होते, गिटारची प्रत्येक तार सुटी ऐकू येत होती, ताल पक्का होता. तरीही कोरस आला की आवाज नुसता मोठा व्हायचा. त्याला अंग यायचं नाही.

यावर त्यांनी केलेले सगळे उपाय भर घालण्याचे होते. रिव्हर्ब (खोलीची गुंज) वाढवला होता, मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या टप्प्यावर) स्टीरिओ रुंद करणारा प्लगइन लावला होता, गिटारची प्रत काढून दुसऱ्या बाजूला टाकली होती, बेस फेडरने (पातळीच्या सरकपट्टीने) वर ढकलला होता आणि शेवटी लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) सगळं दाबून मोठं केलं होतं. प्रत्येक थरानंतर गाणं थोडं मोठं आणि थोडं पोकळ होत गेलं. अशा गाण्यांमध्ये मी आधी उलटा प्रश्न विचारतो : मुळात रेकॉर्ड झालेल्या आवाजातलं काय, कुठे नाहीसं होतंय? पातळ मिक्समध्ये भर कमी पडलेली असते त्याहून जास्त वेळा गळती लागलेली असते, आणि गळती चालू असताना वरून ओतलेलं टिकत नाही. या प्रकरणात गळती कुठे होती, ती कशी सापडली आणि ती थांबल्यावर खरोखर घालावं असं किती उरलं, ते इथे सविस्तर लिहितो.

हातात काय होतं

गाणं ई मेजरमध्ये, मध्यम लयीचं. ड्रम्सचे चार ट्रॅक : किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर लावलेले माइक). बेस गिटारचे दोन : एक डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत माइकशिवाय सरळ रेकॉर्डिंगला देणाऱ्या पेटीतून) थेट घेतलेला, दुसरा अँपसमोरच्या माइकचा. एक अकूस्टिक गिटार, सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून ए मेजरच्या आकारात वाजवलेली. की-बोर्डचा एक पॅड (लांब धरलेल्या स्वरांचा थर), गायिकेचा मुख्य आवाज आणि कोरसमध्ये दोन साथीचे आवाज. वाद्यं मोजकीच होती, त्यामुळे गर्दीने काही झाकलं जात असण्याची शक्यता पहिल्याच ऐकण्यात बाजूला पडली.

आधी तुलना सरळ केली

"असं भरलेलं हवं" म्हणून त्यांनी एक तयार गाणं नमुन्यादाखल पाठवलं होतं. ते त्यांच्या मिक्सपेक्षा चांगलंच मोठ्याने मास्टर केलेलं होतं, आणि अशी तुलना कानाला फसवते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्रांपासून हे माहीत आहे की हळू आवाजात आपला कान खालच्या कंप्रतांना, म्हणजे खर्जाच्या आवाजांना, बराच बहिरा असतो. आज वापरात असलेल्या आयएसओ २२६ या मानकाप्रमाणे १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होत जाते. म्हणजे एकच गाणं नुसतं मोठ्याने लावलं तरी त्यातला खर्ज जास्त वर येतो आणि ते भरदार वाटतं.

म्हणून लाउडनेस मीटरवर पाहून नमुन्याचं गाणं खाली आणलं, दोन्ही एका पातळीला बसवली आणि मग आलटूनपालटून ऐकली. बराचसा फरक तिथेच विरघळला. जो उरला तो खरा होता आणि त्याला जागा होती : साधारण ८० ते ३५० हर्ट्झ. त्याखालचा दणका होता, वरची चमक होती. मधला धडाचा भाग गायब होता.

दुसरी तपासणी मोनोची. दोन्ही बाजू एकत्र केल्याबरोबर गिटार जणू खोलीबाहेर गेली. तो पहिला धागा मिळाला.

गिटारची प्रत

गिटार एकदाच वाजवलेली होती. ती रुंद करण्यासाठी त्या टेकची (एका सलग रेकॉर्डिंगची) प्रत काढून, १५ मिलिसेकंद उशिरा ठेवून, उजवीकडे पूर्ण पॅन केली होती आणि मूळ टेक डावीकडे. ही युक्ती सगळीकडे शिकवली जाते. थोड्या उशिराने आलेला तोच आवाज कान वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकत नाही, पहिल्या आवाजातच मिसळून घेतो, आणि त्यातून रुंदीचा भास होतो. हेडफोनवर ते फार छान वाटतं, कारण तिथे डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो.

पण दोन आवाज कुठेही एकत्र आले की हिशेब बदलतो. १५ मिलिसेकंदांच्या अंतराने तोच आवाज स्वतःत मिळवला की ठरावीक कंप्रतांवर तो स्वतःलाच खोडतो. पहिला खड्डा ३३ हर्ट्झला पडतो आणि मग त्याच्या विषम पटींना : १००, १६७, २३३, ३००. आता गिटारकडे पाहू. सातव्या फ्रेटवर कॅपो, ए मेजरचा आकार, म्हणजे सगळ्यात खालचा वाजणारा स्वर पाचव्या तारेवरचा ई, १६४.८ हर्ट्झ. तो १६७ च्या खड्ड्यात जवळजवळ तळाशी बसतो. मोनोमध्ये हा स्वर एकट्या ट्रॅकच्या तुलनेत सुमारे १५ डेसिबलने खाली जातो, तर त्याच्यावरचा ई, ३२९.६ हर्ट्झ, जवळजवळ ६ डेसिबलने वर येतो. गाण्याचा षड्ज नाहीसा आणि त्याचा वरचा सप्तक दुप्पट, अशी ती गिटार होती. "पातळ" या शब्दाचं याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही.

मोनोमध्ये कोण ऐकतं, असा प्रश्न इथे नेहमी येतो. फोनचा एकच स्पीकर, दुकानातला छतावरचा स्पीकर, सभागृहातली यंत्रणा, सगळे जवळपास मोनोच वाजवतात. शिवाय दोन स्पीकरसमोर बसलेल्या माणसाच्या दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. हवेत ती बेरीज होतेच, आणि खालच्या कंप्रतांना ती जास्त पूर्ण होते. स्टीरिओमध्ये खड्डे उथळ होतात, पण ते असतात.

यावर विलंब १५ चा १८ किंवा २२ करून पाहता येतं. खड्डे तिथून हलून दुसऱ्या स्वरांवर जाऊन बसतात, एवढंच. गाणं एका षड्जावर थांबत नाही, त्यामुळे कोणता तरी स्वर नेहमीच खड्ड्यात असणार. प्रत काढून टाकली आणि संगीतकारांना पुन्हा गिटार वाजवून पाठवायला सांगितली. दोनदा वाजवलेल्या गिटारमध्ये प्रत्येक आघात काही मिलिसेकंद इकडेतिकडे असतो, सूर किंचित हलतो, आणि हे फरक क्षणोक्षणी बदलतात. एक स्थिर खड्डा कुठेच तयार होत नाही. सारख्या पातळीचे दोन असे आवाज मिळून सरासरी ३ डेसिबलची वाढ देतात आणि ती सगळ्या कंप्रतांवर पसरलेली असते.

१९६६ मध्ये लंडनमधल्या एबी रोडच्या स्टुडिओत तिथले तंत्रज्ञ केन टाउन्सेंड यांनी टेपवर कृत्रिम डबलिंग बसवलं, तेव्हा दुसऱ्या टेप मशीनचा वेग सतत थोडा हलवत ठेवता येत होता. विलंब तरंगत राहायचा, म्हणून ते जिवंत वाटायचं. आज संगणकावर प्रत ओढून टाकताना नेमकं ते तरंगणंच सुटतं.

बेसचे दोन ट्रॅक

बेस फेडरवर सगळ्यात वर होता आणि तरी पोकळ होता. डीआयचा ट्रॅक एकटा ऐकला, चांगला. अँपचा एकटा ऐकला, त्याहून चांगला. दोन्ही एकत्र केले की खालचा भाग बसायचा. हे लक्षण दिसलं की ईक्यूला (ठरावीक कंप्रता कमीजास्त करणाऱ्या साधनाला) हात लावायचा नाही, आधी लाटा मोठ्या करून बघायच्या. बघितल्या. एका ट्रॅकवर आघाताची पहिली हालचाल वर जात होती, दुसऱ्यावर खाली. अँप, माइक आणि केबल यांपैकी कुठेतरी पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटली होती. शिवाय अँपचा आवाज सुमारे १.२ मिलिसेकंद उशिरा होता. माइक अँपपासून अंदाजे ४० सेंटिमीटरवर ठेवला होता, आणि ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्याच्याशी हे जुळतं.

दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीला आहेत असं धरून गणित मांडलं तर मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर, ४१.२ हर्ट्झ, दोन ट्रॅक मिळून एकट्या ट्रॅकपेक्षाही सुमारे १० डेसिबल खाली जात होता. त्याचा दुसरा उपस्वर, ८२.४, सुमारे साडेचार डेसिबल खाली. प्रत्यक्षात अँप स्वतःही फेज (लाटेची वेळेतली जागा) बदलतो, म्हणून आकडे तंतोतंत असेच असतील असं नाही, पण दिशा हीच. आवाज वाढवावा म्हणून जोडलेला दुसरा ट्रॅक पहिल्याला खात होता, आणि ती तूट भरून काढायला फेडर वर जात होता.

अँपच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटवली. नुसतं तेवढंच करून थांबलं तर ४१ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबलचा फरक पडतो, पण विलंब तसाच राहिल्याने नवा खड्डा ४३० हर्ट्झच्या आसपास उघडतो, आणि तिथे बेसच्या तारेचा पोत असतो. म्हणून ट्रॅक ५६ सॅम्पल आधी वाजेल असाही ओढला (४८,००० सॅम्पल रेटवर १.१७ मिलिसेकंद), मग कानाने दोनचार सॅम्पल इकडेतिकडे करून जिथे सगळ्यात घट्ट वाटलं तिथे ठेवला. पडद्यावर लाटा तंतोतंत जुळल्या की काम झालं असं मी मानत नाही. अँपमुळे वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या जुळतात, तेव्हा शेवटचा निर्णय कानाचाच.

यानंतर बेसचा फेडर बराच खाली आला आणि तरी बेस मोठा होता. जो गोंगाट लिमिटर आतापर्यंत दाबत होता तो निघून गेल्यामुळे सगळ्या गाण्यालाच श्वास घ्यायला जागा मिळाली. भरदारपणाच्या चर्चेत हा मुद्दा फार कमी वेळा येतो. खोडल्या जाणाऱ्या आवाजाला मोठं करण्यात हेडरूम (कमाल पातळीपर्यंतची मोकळी जागा) वाया जाते, आणि त्याची किंमत बाकी सगळी वाद्यं मोजतात.

बेसवरचा कंप्रेसरही (आवाजातला चढउतार आवरणारं साधन) बदलावा लागला. त्याचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद आणि रिलीजही (सोडायला लागणारा वेळ) फार जलद होता. ४१ हर्ट्झच्या एका आवर्तनाला २४ मिलिसेकंद लागतात. इतका जलद कंप्रेसर स्वराची पातळी सांभाळण्याऐवजी लाटेच्या प्रत्येक चढउताराच्या मागे धावतो, आघात चपटा करतो आणि खालच्या स्वरांत खरखर आणतो. अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास नेला, रिलीज लयीप्रमाणे सैल केला.

सगळीकडे हाय-पास

मग एकेका ट्रॅकवरचे फिल्टर उघडून पाहिले. बेस आणि किक सोडून प्रत्येक ट्रॅकवर हाय-पास (ठरलेल्या आकड्याखालच्या कंप्रता कापणारा फिल्टर) होता, तोही ऑक्टेव्हला (सप्तकाला) २४ डेसिबलच्या उताराचा. गिटारवर २०० हर्ट्झ, मुख्य आवाजावर २२०, पॅडवर ३००, ओव्हरहेडवर ५००. वर आणखी आवाज, गिटार आणि पॅड या तिघांवर ३०० हर्ट्झला पाच-पाच डेसिबलची कपात, कारण "तिथे चिखल असतो" असं त्यांनी वाचलं होतं.

फिल्टरचा आकडा म्हणजे भिंत आहे असं समजून तो लावला जातो, पण त्याचा उतार वरही पसरलेला असतो. २०० हर्ट्झच्या या फिल्टरने गिटारचा १६४.८ चा ई साडेसात डेसिबलने कमी होतो. गायिकेचा अंतऱ्यातला सगळ्यात खालचा स्वर जी शार्प होता, २०७.७ हर्ट्झ. २२० च्या फिल्टरने तो सुमारे ४ डेसिबल उतरत होता. कोरसमध्ये ती वर गाते तेव्हा हा फिल्टर जाणवतही नाही, अंतऱ्यात मात्र छातीतून येणारा आवाज नाकातून आल्यासारखा होतो. एकच फिल्टर गाण्याच्या दोन भागांत दोन वेगळी कामं करत होता. ओव्हरहेडचं तर फारच झालं होतं. स्नेअरचं अंग साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतं, आणि ५०० च्या खालचं सगळं कापल्यावर ओव्हरहेडमध्ये नुसता झांजांचा फवारा उरतो.

हाय-पास वाईट नाही. माइकच्या स्टँडमधून आलेली थरथर, पंख्याची घरघर, श्वासाचे धक्के काढायलाच हवेत. पण ते ऐकून लावायचं. पूर्ण गाणं चालू ठेवून आकडा वर नेत जावा, वाद्य बारीक होतंय असं जिथे वाटतं तिथून बराच मागे आणून ठेवावा. या पद्धतीने गिटार ८० वर, आवाज ११० वर, पॅड १२० वर आणि ओव्हरहेड १५० वर स्थिरावले, आणि उतार १२ डेसिबलचा केला. सौम्य उताराने फेजही कमी फिरते : कापण्याच्या आकड्यावर २४ डेसिबलचा नेहमीचा फिल्टर फेज १८० अंश फिरवतो, १२ चा ९० अंश. एकाच स्नेअरचा आवाज जवळच्या माइकमध्येही असतो आणि ओव्हरहेडमध्येही, तेव्हा तिथे याला अर्थ आहे.

३०० हर्ट्झच्या तिन्ही कपाती काढल्या. त्याबरोबर गाणं खरंच थोडं गढूळ झालं, ते मान्य करायला हवं. त्या भागात आवाजाचं अंगही असतं आणि गढूळपणाही, दोन्ही एकाच जागी. प्रत्येकाला थोडं थोडं कापलं की कोणाचंच अंग उरत नाही. मी तिथे मालक ठरवतो. या गाण्यात तो मान गायिकेचा. तिला हात लावला नाही, पॅडला ३०० च्या आसपास तीन डेसिबल कापले, गिटारला दीड. एवढ्याने मोकळं झालं.

इतकं कापलं कशामुळे

एक अनुभवी वादक खालचं सगळं का कापत सुटतो, याचं उत्तर त्यांच्या कानात नव्हतं, बसण्याच्या जागेत होतं. फोनवर विचारल्यावर कळलं की खोली साधारण चार मीटर लांब आहे आणि त्यांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असते. चार मीटर लांबीत पहिली उभी लाट (दोन भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणारी) ४३ हर्ट्झला तयार होते, दुसरी ८६ ला. भिंतीला लागून या लाटांचा दाब सगळ्यात जास्त असतो. ई मेजरमधलं गाणं, बेसचा ई ४१ ला, त्याचा पुढचा ई ८२ ला. गाण्याचा षड्ज आणि खोलीचा घुमारा जवळजवळ एकच होता. त्यांना तिथे बसून खर्ज अंगावर येत होता आणि ते प्रामाणिकपणे तो कमी करत होते. दुसऱ्या कोणत्याही खोलीत तेच मिक्स हडकुळं वाटणारच.

खुर्ची भिंतीपासून काढून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, स्पीकरकडच्या भिंतीपासून मोजून, आणायला सांगितली. नेमक्या मध्यावर बसूनही चालत नाही, तिथे पहिल्या लाटेचा दाब जवळजवळ शून्य होतो आणि खर्ज गायब होतो. त्यांनी तिथे बसून जुनं मिक्स पुन्हा ऐकलं आणि गिटारवरचे फिल्टर माझ्याआधीच स्वतःहून खाली आणले. मला या सगळ्या प्रकरणात त्याचा फार आनंद झाला, कारण पुढचं प्रत्येक गाणं ते याच खोलीत करणार आहेत.

रचनेतली रिकामी जागा

गळती थांबल्यावर गाणं पुष्कळ सुधारलं, पण कोरस अजून नमुन्याइतका भरत नव्हता. आता प्रश्न मिक्सचा उरला नव्हता, संगीतरचनेचा होता. कोण कुठून सुरू होतं ते मांडून पाहिलं : बेसचे मूळ स्वर ४१ ते १०० हर्ट्झ, गिटार १६५ पासून वर, आवाज २०८ पासून वर, पॅड ३३० पासून वर. १०० ते १६५ मध्ये कोणाचाही मूळ स्वर नव्हता. ती जागा ईक्यूने भरता येत नाही, कारण तिथे उचलण्यासारखं काही वाजतच नाही.

म्हणून दुसरी गिटार नुसती दुसऱ्यांदा वाजवलेली न घेता, कॅपो काढून मोकळ्या ई मेजरमध्ये मागितली. ती सहाव्या तारेपासून, ८२.४ हर्ट्झपासून सुरू होते. पॅडही एक सप्तक खाली आणून डाव्या हाताने फक्त षड्ज-पंचम धरायला सांगितलं.

यात एक काळजी लागते. खालच्या पट्टीत जवळचे स्वर एकत्र धरले की गुरगुर होते. सुमारे ५०० हर्ट्झच्या खाली कान साधारण १०० हर्ट्झच्या पट्ट्यात येणारे स्वर नीट वेगळे करू शकत नाही. ८२ चा ई आणि १०४ चा जी शार्प यांच्यात जेमतेम २१ हर्ट्झचं अंतर आहे, ते दोन स्वर एकमेकांत घासतात. षड्ज-पंचम, मग वरचा षड्ज, आणि गंधार त्याच्याही वर, अशी मांडणी केली की तोच कॉर्ड खुला आणि भरदार लागतो. गिटारवरचा मोकळा ई मेजर मुळातच असा बांधलेला आहे : ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. वादकांची बोटं हे शतकानुशतकं जाणतात, की-बोर्डसमोर बसल्यावर मात्र डाव्या हाताने तीन लगतच्या पट्ट्या धरायचा मोह होतो.

नवी गिटार डावीकडे, कॅपोची उजवीकडे. दोन्ही वेगळ्या उंचीवर, दोन वेगळ्या वेळी वाजवलेल्या. ज्या रुंदीसाठी ती प्रत काढली होती ती इथे आपोआप मिळाली, आणि मोनोमध्येही काही हरवलं नाही. कोरस पहिल्यांदा भरला तो इथे, एकही नवा प्लगइन न लावता.

अंतऱ्यात मात्र नवी गिटार आणि पॅड दोन्ही बंद ठेवले. संगीतकारांना ते सुरुवातीला पटलं नाही, इतक्या कष्टाने मिळवलेलं अंग अर्ध्या गाण्यात का सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. पण कानाला भरल्याची जाणीव फरकातून होते. अंतरा आवाज, एक गिटार आणि ताल यांवर उभा राहिला की कोरसचं पहिलं पाऊल जड पडतं.

मग थोडी भर

बेसचं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली सौम्य विकृती, जिच्यातून जास्तीचे उपस्वर येतात) आता उपयोगी पडलं. फोनचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवू शकत नाही, ८२ ही नीट वाजवत नाही. पण १२४, १६५, २०६ असे उपस्वर ऐकू आले की त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतः जोडून घेतो. तंबोऱ्याची जवारी लागली की तोच तंबोरा कसा भरून बोलतो ते आठवावं : तार तीच, स्वर तोच, उपस्वर उघडतात आणि खर्जाला रूप येतं. बेसला समांतर एक ट्रॅक केला, त्यावर सॅच्युरेशन भरपूर दिलं आणि त्याचा फेडर शून्यावरून हळूहळू वर आणला. फोनवर बेसची चाल कळू लागली तिथे थांबलो. तो ट्रॅक बंद केला की उणीव भासते, चालू असताना वेगळा ऐकू येत नाही, एवढंच त्याचं प्रमाण.

ड्रम्सवर समांतर कंप्रेशन : मूळ ड्रम्स तसेच, शेजारी जोरात दाबलेली त्यांची प्रत, हळू मिसळलेली. आघात मूळ ट्रॅकमधून येतात, दोन आघातांमधली खोलीची गुंज दाबलेल्या प्रतीतून वर येते. हे करताना प्लगइनचा विलंब संगणकात नीट भरून निघतोय ना ते तपासावं, नाहीतर गिटारचीच गोष्ट ड्रम्सवर घडते.

रिव्हर्ब कमी केला. लांब हॉलच्या जागी छोट्या खोलीचा घेतला, आवाजासाठी २५ मिलिसेकंद प्री-डिले ठेवला म्हणजे शब्द आधी येतो आणि खोली मागून, आणि रिव्हर्बच्या परतीवर २०० च्या खालचं कापलं. मास्टरवरचा रुंद करणारा प्लगइन काढून टाकला. लिमिटर आधी कोरसमध्ये ६ डेसिबलपर्यंत दाबत होता, आता तेवढ्याच लाउडनेसला २ डेसिबलच्या आत राहतो.

गायिकेने कोरस पुन्हा दोनदा गायला, माइकच्या जवळून. दिशिक (मुख्यतः एका दिशेचा आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की खालच्या कंप्रता वाढतात. तिचा मूळ टेक बऱ्याच अंतरावरून घेतलेला होता, त्यामुळे त्याला तो लाभ मिळालाच नव्हता. नवे दोन टेक मुख्य आवाजाच्या मागे, पातळीने बरेच खाली, डावी-उजवीकडे थोडे सरकवून ठेवले. त्यांतल्या स, श, त यांच्या कडा मऊ केल्या, नाहीतर प्रत्येक शब्दाशेवटी तीन वेगळे फुसकारे येतात.

जे राहिलं

अंतऱ्यातला आवाज अजून थोडा दूरचा वाटतो. तो टेक भावनेने इतका चांगला आहे की पुन्हा गाऊन घ्यायला गायिका आणि संगीतकार दोघंही तयार नव्हते, आणि ऐकल्यावर मलाही त्यांचंच पटलं. २०० च्या आसपास दोन डेसिबलची सौम्य उचल दिली आहे. त्याहून जास्त दिलं की माइकने पकडलेली खोलीही सोबत वर येते आणि आवाज डब्यातला होतो.

शेवटच्या कोरसमध्ये पॅड रुंद हवा, यावर संगीतकार ठाम होते. तिथे मधला मार्ग निघाला : रुंदी फक्त पॅडला, आणि तीही ३०० हर्ट्झच्या वर. त्याखालचा पॅड मध्यभागी, एकसंध. मोनोमध्ये पॅडची वरची झळाळी थोडी उतरते, षड्ज-पंचम जागेवर राहतात. ही आवृत्ती त्यांनी सरकवलेल्या खुर्चीवर बसून, नंतर फोनवर आणि शेवटी हेडफोनवर ऐकली. एकच बदल कळवला : दुसऱ्या अंतऱ्यात बेस अर्धा डेसिबल खाली. तो केला आणि फाइल पाठवून दिली.